पाना हातात घेण्याआधी

समोर एखादा जुना, छोटा ट्रॅक्टर असेल तर त्याच्यापाशी बसा. नसेल तर मनात उभा करा. पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडची द्राक्षबाग, कडेला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये बरीच वर्षं बंद पडलेला मित्सुबिशी शक्ती. तुम्ही तो हौसेनं विकत घेतला आहे. स्वतःच्या हातानं पुन्हा चालू करायचा आहे. पान्यांची पेटी आत्ता बंदच राहू द्या. पाठ सैल सोडा. श्वास त्याच्या चालीनं येऊ-जाऊ द्या.

आधी फक्त आकार पाहा. तो बुटका आहे, अरुंद आहे. द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण आठ-दहा फुटांची वाट, डोक्यावर तारा आणि ओलांडे. एकाही घडाला धक्का न लावता त्या वाटेनं जायचं, म्हणून हा बांधा. बंगळूरूच्या व्ही.एस.टी. कंपनीनं १९६७मध्ये जपानच्या मित्सुबिशीशी हातमिळवणी केली, आणि त्या नात्यातला हा साडेअठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर नाशिकच्या बागांत रुळला. मनातल्या मनात त्याच्यावर बसा आणि मांडवाखालून हळू पुढे जा. मान आपोआप झुकेल. झुकू द्या.

आता नजर मागच्या बाजूला न्या, जिथे फवारणीचा ब्लोअर जोडला जाई. गंज तिथे जास्त खोल आहे. थोडा वेळ त्या गंजाकडेच पाहा. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे बोर्डो मिश्रण बागायतदाराला तोंडपाठ असतं. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवायचं नाही, हेही त्याला ठाऊक असतं. त्यातलं तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि लोखंड झिजत जातं. औषधांचे असे कितीतरी थेंब या पत्र्यावर उडाले. तेच थेंब पानांवर पडले, तेव्हा डाऊनीचा रोग आटोक्यात राहिला आणि माल बाजारात गेला. घासून काढण्याआधी या गंजाला त्याचं श्रेय द्या.

मग बोटांनी चाचपडत पुढे या. एक बोल्ट वेगळ्याच मापाचा लागेल. कुठे वेल्डिंगचा ओबडधोबड टाका असेल, कुठे पाइप तारेनं आवळलेला. नाक मुरडू नका. तो दिवस डोळ्यांपुढे आणा. ऑक्टोबरची गोडी छाटणी झालेली, फुटवे कोवळे, आभाळ भरून आलेलं आणि फवारणी आजच व्हायला हवी. अशा दिवशी मिस्त्रीनं हाताशी होतं त्यानं ट्रॅक्टर उभा केला आणि संध्याकाळपर्यंत औषध मारून झालं. पुढे खरड छाटणी आली, पुन्हा गोडी छाटणी आली. नीट दुरुस्ती दर वेळी पुढच्या हंगामावर गेली. त्या माणसांपाशी कसब होतं. वेळ नव्हता. तुमच्यापाशी तो आहे. या एका वाक्यावर थांबा. हा ट्रॅक्टर तुमच्याकडे आला तो हा वेळ मिळावा म्हणून, असं समजून दोन-चार श्वास घ्या.

हा वेळ कुठे द्यायचा, तेही पाहू. इंजिन जाम आहे. पिस्टनच्या रिंगा लायनरला गंजानं धरल्या आहेत. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचं आणि थांबायचं. तेल आपल्या गतीनं फटीत शिरतं. आपण कितीही उतावीळ झालो तरी ती गती वाढत नाही. काही दिवसांनी क्रँकच्या पुलीला पाना लावून जरासं पुढे, जरासं मागे. हललं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. स्टार्टरनं जोर लावला तर रिंग तुटते. आत्ता तुमच्या हातांत, जबड्यात, खांद्यांत जो जोर साठला असेल, तो ओळखा आणि सोडून द्या.

इंजिन मोकळं झालं तरी ते लगेच बोलणार नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जवळपास वीस पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या धगीत डिझेलचा फवारा पेट घेतो. पण नळीत हवा धरली असेल, तर पंपाचा सगळा दाब तो बुडबुडा आवळण्यात खर्च होतो आणि नोझल उघडतच नाही. म्हणून एअर काढायची. स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंप दाबत राहायचा. आधी फेस येईल, मग सुटे बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. डोळे मिटा आणि ती धार मनात स्पष्ट दिसेपर्यंत पंप दाबत राहा. एका दाबाला एक श्वास.

शेवटी विचारा, हे सगळं कशासाठी? खंडेनवमीला आपण यंत्रांना हार घालतो, हळद-कुंकू वाहतो. ती पूजा वर्षातून एकदा होते. नट पुसून, ग्रीस भरून, फाटकं सील बदलून होणारी सेवा बाकीच्या दिवसांची. तिचं फळ म्हणजे हा ट्रॅक्टर पुन्हा एखाद्या ओळीत शिरणं आणि साधं, रोजचं काम करणं. रंग चमकला नाही तरी चालेल. मागच्या मिस्त्रीचा टाका धड असेल तर तोही राहू द्या.

आता डोळे उघडा. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पेटीतून एकच पाना काढा, एकच नट सोडवा, तो डिझेलमध्ये धुऊन पुसा आणि कुठला आहे ते चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. आजच्यापुरतं एवढंच काम. दुसऱ्या नटासाठी उद्याचा दिवस आहे, आणि तो तुमच्या हातात आहे.