शुद्ध वाक्य आणि खरें वाक्य

संगणकाचे कार्यक्रम रचणारे लोक तो कार्यक्रम कसा वापरावा याची माहितीही लिहून ठेवतात. अलीकडे ही माहिती प्रसिद्ध करण्यापूर्वीं एका दुसऱ्या कार्यक्रमाकडून तपासून घेण्याचा प्रघात पडला आहे. वाक्य लांबलें, कर्मणि प्रयोग आला, एकाच वस्तूला दोन नांवें पडलीं, कीं हा परीक्षक खूण करतो. कल्पना तशी नवी नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९८० च्या सुमारासच 'रायटर्स वर्कबेंच' नांवाचा असा संच होता, आणि त्यांतील एका भागाचें नांवच 'स्टाइल' होतें.

शैलीच्या बाबतींत आम्हां वाशीमकरांचा हक्क याहून बराच जुना आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखरानें काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरांत लावला, आणि वैदर्भी रीतीला या नगरावरून 'वच्छोमी' असें नांव दिलें. म्हणून याच जिल्ह्यांतील आमच्या धनजचा एक जुना विद्यार्थी शैलीची तक्रार घेऊन आला, तेव्हां मला गंमत वाटली. ती फार वेळ टिकली नाहीं.

त्यानें एका कार्यक्रमाची माहिती इंग्रजींत लिहिली होती. 'या आज्ञेनें जुनी माहिती बहुतकरून सुरक्षित राहते' अशा अर्थाचें तींत एक वाक्य होतें. 'बहुतकरून' या शब्दावर परीक्षकानें संदिग्धतेची खूण केली. त्यानें शब्द काढला, खूण गेली. वाक्य सुटसुटीत झालें आणि खोटें झालें. "सर, नियम तर मीं पाळला, मग मन कां खातें?" असें तो विचारीत होता.

नियम वाईट नाहीं. अशीं पानें वाचणारा बहुधा मध्यरात्रीं काम अडून बसलेला असतो. त्याला गुळमुळीत भाषा काय कामाची? परंतु 'बहुतकरून' दोन प्रकारचे लोक लिहितात. एकानें तपासून पाहण्याचा आळस केलेला असतो. दुसऱ्यानें तपासलेलें असतें आणि अपवाद डोळ्यांनीं पाहिलेला असतो. यंत्राला शब्द दिसतो, हा फरक दिसत नाहीं. तो कळण्यास ती आज्ञा स्वतः चालवून पाहावी लागते, आणि ती माझ्या विद्यार्थ्यानें चालविली होती. तेव्हां जबाबदारी त्याचीच.

शिवाय हे नियम इंग्रजीच्या स्वभावावरून बांधलेले. उद्यां ते जसेच्या तसे मराठीला लावले तर 'रामानें आंबा खाल्ला' हेंही वाक्य कर्मणि म्हणून सदोष ठरेल! इंग्रजींत त्या प्रयोगावर कर्ता दडविल्याचा आरोप असतो. येथें राम तर उघड उभा आहे. (प्रस्तुत लेखकाला वडिलांकडून आलेली अनुस्वारांची खोड १९६२ च्या नियमांनंतरही सुटलेली नाहीं; त्याच्या ओळीओळीखालीं तांबडी रेघ पडेल, व ती योग्यच पडेल.)

मीं त्याला म्हटलें, "शब्द परत घालूं नकोस, अपवाद लिही." त्यानें लिहिलें, कीं माहिती लिहिली जात असतां मध्येंच वीज गेल्यास जुनी माहिती नष्ट होते, म्हणून आधीं तिची प्रत काढून ठेवावी. परीक्षकानें आतां लांबीची खूण केली. ती त्यानें तशीच राहूं दिली, आणि लेख स्वीकारणाऱ्यांस कारण कळविलें.