चूक आणि दुरुस्ती यांच्या मधला वेळ

खडकवासल्याच्या तलावाला इंग्रजांच्या काळात लेक फाइफ म्हणत. १९०३ साली इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या तलावाच्या सांडव्यावर स्वतः आखलेली स्वयंचलित दारं बसवली. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं होतं आणि पुराच्या वेळी भिंतीला धोकाही होऊ द्यायचा नव्हता. दारं मिटलेली असताना पाणी सांडव्याच्या माथ्यावरही साठत राही. ठरलेल्या पातळीपलीकडे गेलं की दारं आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. मध्यरात्री पाणी चढावं, ते कुणाला तरी दिसावं, त्याने वरिष्ठांना कळवावं, मग माणसं धावत येऊन दारं उचलावीत, ही सगळी साखळीच त्यांनी काढून टाकली. चढणारं पाणीच दार उघडत होतं.

स्वयंनियमनाचा गाभा एवढाच आहे. जे सांभाळायचं ते सतत मोजायचं, ठरलेल्या मापाशी ताडून पाहायचं आणि फरक पडला की तो कमी होईल अशा बाजूने काहीतरी हलवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण या तीन गोष्टींच्या मध्ये वेळ जातो, आणि तो वेळच सगळ्यांत अवघड प्रकरण आहे, हे माणसाच्या लक्षात यायला फार काळ लागला. यंत्रं आणि शरीर यांबद्दलचा गेल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांतला विचार मला याच एका धाग्याने बांधलेला दिसतो.

वाफेच्या इंजिनावर जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास गव्हर्नर बसवला. त्याआधी अशी युक्ती पवनचक्क्यांत वापरली जात होती. वॉटने ती इंजिनावर आणली. एका उभ्या दांड्याला दोन बाजूंना दोन जड गोळे लोंबकळत असतात. इंजिनाबरोबर दांडा फिरतो. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यांना जोडलेली कडी सरकते आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग मंदावला की गोळे खाली येतात, झडप उघडते. गिरणीत एकदम दहा माग बंद पडले तरी इंजिन बेफाम सुटत नाही. लोकांना हे इतकं पटलं की आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८५८ मध्ये नैसर्गिक निवडीवरचा आपला निबंध लिहिला, तेव्हा ती निवड कशी चालते हे सांगायला त्याने याच गव्हर्नरचा दाखला दिला.

पण पुढे इंजिनं जास्त सफाईदार होत गेली, सुटे भाग गुळगुळीत झाले, घर्षण कमी झालं, आणि विचित्र तक्रारी येऊ लागल्या. इंजिन एका वेगावर ठरेना. आधी जोरात, मग हळू, मग पुन्हा जोरात, असं ते हेलकावे खाऊ लागलं. ग्रिनिचच्या वेधशाळेतले जॉर्ज एअरी यांना १८४० च्या सुमारास दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्रातही हाच त्रास झाला होता. जुन्या, ओबडधोबड यंत्रांतलं घर्षण नकळत या हेलकाव्यांना आवर घालत होतं. यंत्र सुधारलं आणि दोष उघडा पडला.

याचं कारण आपण न्हाणीघरात अनुभवलेलं असतं. गरम पाण्याचा नळ सोडला, पाणी गारच आलं म्हणून आणखी सोडला, आणि थोड्या वेळाने अंगावर कढत पाणी आलं. मग घाईने गार पाणी वाढवलं, तर पुन्हा काकडलो. दोन्ही वेळा हात योग्य बाजूलाच वळला होता. फक्त केलेल्या बदलाचा परिणाम पोचायच्या आत आपण दुसरा बदल केला. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली रॉयल सोसायटीपुढे गव्हर्नरांवर जो निबंध मांडला, त्यात हे गणिताने दाखवलं. दुरुस्ती योग्य दिशेला असणं पुरेसं नाही. ती किती जोराने आणि किती उशिराने होते, यावर यंत्र स्थिरावणार की हेलकावे वाढत जाणार, हे ठरतं. त्या काळात याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माझ्या मते मात्र या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं पाऊल हेच. वॉटने यंत्राला दुरुस्ती करायला शिकवलं होतं. दुरुस्तीमुळेच बिघाड कसा होतो, ते मॅक्सवेलने समजावलं.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोद बर्नार हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने चालला होता. रक्तातली साखर फक्त खाण्यातून येते, असा तेव्हाचा समज. बर्नारने कुत्र्यांना निव्वळ मांसावर ठेवलं, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडलीच. म्हणजे शरीर साखर तयार करतं, साठवतं आणि लागेल तशी सोडतं. तो साठा म्हणजे ग्लायकोजेन, तो त्याने १८५७ मध्ये वेगळा काढून दाखवला. यातून त्याचा मोठा विचार उभा राहिला. बाहेरचं जग कितीही बदललं तरी पेशींभोवतीचं आतलं जग शरीर जवळजवळ एकसारखं राखतं, आणि म्हणूनच प्राणी बाहेर मोकळेपणाने वावरू शकतो.

हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९२६ मध्ये या राखणीला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं आणि १९३२ च्या पुस्तकात ती सविस्तर मांडली. त्याच्या प्रयोगशाळेत काही मांजरं होती, ज्यांची अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणारी नसांची यंत्रणा, शस्त्रक्रियेने काढून टाकलेली होती. उबदार खोलीत, वेळच्या वेळी खाणं मिळत असताना ती व्यवस्थित जगली. पण थंडीत त्यांना ऊब टिकवता येईना, आणि घाबरल्यावर रक्तातली साखर वाढायला हवी तीही वाढेना. नियमन तुटलेलं शरीर शांत दिवशी ओळखूच येत नाही, ते अडचणीच्या वेळी उघडं पडतं. प्रत्येक डॉक्टरने ही मांजरं लक्षात ठेवावीत असं मला वाटतं. शरीराचं मापही नेहमी एकच नसतं. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस मापच वर सरकवतो. म्हणून अंग तापलेलं असूनही आपण कुडकुडतो आणि गोधडी मागतो.

यंत्रांचा विचार आणि शरीराचा विचार एकत्र आले ते दुसऱ्या महायुद्धात. नॉर्बर्ट वीनर हा गणितज्ञ आणि ज्युलियन बिगेलो हा इंजिनिअर विमानविरोधी तोफांवर काम करत होते. गोळा पोचेपर्यंत विमान पुढे गेलेलं असतं, त्यामुळे ते कुठे आहे यापेक्षा कुठे असेल याचा अंदाज लागतो. दुरुस्ती फार जोरात केली तर तोफ लक्ष्याच्या अलीकडे-पलीकडे झोके घेते, हे त्यांना दिसत होतं. कॅननबरोबर काम केलेला आर्तुरो रोझेनब्लूथ त्यांच्या ओळखीचा होता. त्याला त्यांनी विचारलं: पेन्सिल उचलायला हात पुढे करावा आणि हात पेन्सिलीच्या पलीकडे जावा, मग अलीकडे यावा, पुन्हा पलीकडे जावा, असा एखादा विकार असतो का? रोझेनब्लूथ म्हणाला, असतो. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत तो दिसतो. इंजिनाचा हेलकावा आणि माणसाच्या हाताचा थरकाप यांच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली. १९४८ मध्ये वीनरचं ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आलं. त्यात त्याने मॅक्सवेलच्या ऐंशी वर्षांपूर्वीच्या निबंधाचं ऋण मानलं.

आता मधुमेहाकडे येतो, कारण या कल्पनेची खरी कसोटी तिथे लागते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी त्यात सुमारे पाच ग्रॅम साखर असते, जेमतेम एक चमचा. एका पुरणपोळीत याच्या कितीतरी पट साखर आणि पिष्ट असतं. तरीही निरोगी माणसाची साखर फार चढत नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी साखर मोजतातही आणि इन्सुलिन सोडतातही. मोजणारा आणि करणारा एकाच पेशीत असल्यामुळे मधे वेळ जात नाही. ते इन्सुलिन आधी थेट यकृतात जातं आणि काही मिनिटांत विरून जातं, म्हणजे जास्त सुटलं तरी चूक फार काळ उरत नाही. त्यावरही कडी म्हणजे शरीर वाट पाहत बसत नाही. अन्नाची चव लागली, घास आतड्यात उतरला, की साखर वाढण्याआधीच इन्सुलिन सुटू लागतं.

टाइप १ मधुमेहात या पेशीच नष्ट होतात. इन्सुलिन बाहेरून, कातडीखाली द्यावं लागतं. झटपट म्हणवलं जाणारं इन्सुलिनही भरात यायला तास-दीड तास घेतं आणि चार-पाच तास काम करत राहतं. दंडावरचा सेन्सर रक्तातली नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणजे तिथेही काही मिनिटांचा उशीर. आणि एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. मॅक्सवेलने ज्या अडचणीचं गणित मांडलं, ती इथे जिवावर बेतणारी होते. दोन तासांनी साखर चढलेलीच दिसली म्हणून घाबरून दुसरं इन्सुलिन दिलं, की दोन्ही डोस एकावर एक चढतात आणि मध्यरात्री साखर धोकादायक खाली जाते.

लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड कडिश यांनी १९६० च्या दशकात साखर मोजून आपोआप इन्सुलिन देणारं, पाठीवर बांधायच्या आकाराचं यंत्र करून पाहिलं. सत्तरच्या दशकात बायोस्टेटर आला. तो रुग्णाच्या शिरेतून सतत रक्त घेऊन साखर मोजायचा, पण खाटेशेजारी ठेवायचा तो अवजड डबा होता. लहान सेन्सर आणि इन्सुलिन देणारे पंप आल्यावर चित्र बदललं. त्यातही रुग्ण कंपन्यांच्या पुढे गेले. सिॲटलच्या डॅना लुइस यांना रात्री साखर उतरल्याचा सेन्सरचा गजर ऐकू येत नसे. तो मोठा करायच्या खटपटीतून त्यांनी आणि त्यांच्या साथीदाराने पुढची साखर वर्तवून पंप चालवणारी प्रणाली घरीच उभी केली आणि २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मिनिमेड ६७०जी ही व्यवस्था मान्य केली. ती दर पाच मिनिटांनी सेन्सर वाचते आणि दर डेसिलिटरला १२० मिलिग्रॅम हे माप धरून इन्सुलिन कमी-जास्त करते. तरीही जेवणाआधी किती खाणार हे माणसाने तिला सांगावंच लागतं. घास घेतल्याची चाहूल यंत्राला लागत नाही.

आपल्याकडे पंप आणि दर एक-दोन आठवड्यांनी बदलावा लागणारा सेन्सर बहुतेक घरांना परवडत नाही. तिथे मोजणं, ताडणं आणि दुरुस्त करणं ही तिन्ही कामं आई करते. रात्री दोनला उठून झोपलेल्या मुलाच्या बोटाला सुई टोचते, ग्लुकोमीटरवरचा आकडा पाहते, आणि इन्सुलिन द्यायचं, थांबायचं की उठवून दूध-साखर द्यायची, ते ठरवते. सकाळी घरातलंच कुणीतरी म्हणतं, “तुझं लक्ष नव्हतं का?” दवाखान्यातही आकड्यांची वही पाहून कपाळाला आठ्या पडतात. हा अन्याय आहे. इतक्या उशिराने काम करणाऱ्या औषधावर चालणाऱ्या नियमनात चढउतार होणारच. उत्तम गणित पोटात असलेल्या यंत्राच्या आलेखातही ते दिसतात.

म्हणून अशा घरातल्या नातेवाइकांना, शिक्षकांना आणि डॉक्टरांनाही माझी विनंती आहे. साखर वाढलेली दिसली की “काय खाल्लंस?” हा पहिला प्रश्न नको. आधी विचारा, “शेवटचं इन्सुलिन कधी घेतलंस?” त्या उत्तरावर पुढचा डोस ठरतो. आणि शाळेत अशा मुलाला वर्गात, परीक्षेतही, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी दप्तरात नव्हे, बाकावर ठेवू द्या.