सरळ म्हणजे कुणासारखे?

दातांना तार लावायची म्हटलं की घरात तीन प्रश्न निघतात. किती दिवस, किती खर्च आणि दुखेल का? खर्च केसनुसार बदलतो. वेळ साधारण दीड-दोन वर्षं. दर काही आठवड्यांनी तार घट्ट केली की दोन-तीन दिवस पोळीचा घाससुद्धा नकोसा होतो. जागा कमी असेल तर कधी चांगल्या, न किडलेल्या उपदाढाही काढाव्या लागतात. चौथा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: सरळ म्हणजे कुणासारखे?

अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९मध्ये दातांच्या वाकडेपणाचं वर्गीकरण केलं. ते आजही शिकवलं जातं. याच अँगल यांनी सुंदर चेहऱ्याचा आदर्श म्हणून एकेकाळी अपोलोचा प्राचीन पुतळा पुढे केला होता. म्हणजे जिवंत माणसांच्या तोंडाचं माप एका संगमरवरी देवाशी जुळवायचं! उलट जपानमध्ये पुढे आलेल्या सुळ्यांना ‘याएबा’ म्हणतात, आणि तिथे काही मुलींनी ते मुद्दाम बसवूनही घेतले आहेत.

मग सगळा वाकडेपणा फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतो का? तसंही नाही. दात एकमेकांवर चढले असतील तर ब्रश नीट पोचत नाही. वरचे दात फार पुढे असतील तर पडल्यावर ते तुटण्याचा धोका जास्त. जबड्याच्या वाढीशी संबंधित काही दोष वाढत्या वयातच हाताळावे लागतात. अशा वेळी उपचार थांबवणं म्हणजे तत्त्वापायी मुलाचं नुकसान करणं.

अवघड प्रश्न उरतो तो तब्येत ठीक असताना. वर्गात मुलगी तोंडावर हात ठेवून हसते. तिला ‘आहेस तशीच छान आहेस’ म्हणणं आपल्याला फुकट पडतं. चिडवणं तिला सोसावं लागतं. म्हणून तिनं तार लावली तर तिला कमकुवत ठरवण्याचा हक्क कुणालाच नाही. पण हेही खरं, की प्रत्येक सरळ झालेल्या रांगेगणिक उरलेले वाकडे दात जास्त उठून दिसतात. चिडवणारे तसेच राहतात, बदलावं लागतं तिलाच.

यातून वाट कशी काढायची? उत्तराचा धागा उपचारातच आहे. तारेच्या दाबानं दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. तार काढल्यावर मात्र तो जुन्या जागेकडे ओढ घेतो. म्हणून रिटेनर, तोही बहुतेकदा रात्री, अनेक वर्षं. आईबाबा फी भरू शकतात, पण पंचविसाव्या वर्षी रिटेनर घालायची आठवण करायला ते शेजारी नसतात. हा निर्णय एकदा घेऊन संपत नाही. ज्याचं तोंड, त्यालाच तो रोज रात्री पुन्हा घ्यावा लागतो.

निरोगी दात मोठेपणीही सरकवता येतात. त्यामुळे प्रश्न फक्त दिसण्याचा असेल, तर मूल स्वतः ‘मला हवंय’ म्हणेपर्यंत थांबता येतं. तोवर घरातल्या मोठ्यांनी एक काम करावं: लग्नाच्या हॉलमध्ये कुणी ‘हिचे दात नीट करून घ्या हं’ म्हणालं, तर त्या माणसाला तिथेच गप्प करावं.