शिकणें आणि विसरणें

राष्ट्र एक राहावयाचें तर भाषाहि एकच हवी, असें म्हणणारांस आम्ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे बोट दाखवूं. तेथें जेम्सटाउनची इंग्रज वसाहत १६०७ मधील; फ्लोरिडांतील स्पॅनिशांचें सेंट ऑगस्टीन १५६५ मधील. १८४८ च्या तहानें कॅलिफोर्नियादि मुलूख मेक्सिकोकडून संस्थानांकडे आला, तेव्हां तेथील माणसें जागचीं हललीं नव्हतीं; सीमाच त्यांच्या घरांवरून सरकली. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेनें कायदे दोन्ही भाषांत छापण्याचें बंधन घातलें. १८७९ च्या घटनेंत तें उरलें नाहीं. मार्च २०२५ मध्यें अध्यक्षांच्या हुकुमानें इंग्रजी देशाची अधिकृत भाषा ठरली. घरीं स्पॅनिश बोलणारे मात्र चार कोटींहून अधिक आहेत.

त्यांतील पुष्कळ मागाहून आलेले, हें खरें. पण इंग्रजहि मागाहूनच आले. कारभारास सामायिक भाषा हवी व ती सर्वांनीं शिकावी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु शिकणें निराळें, विसरणें निराळें. आपलें दुखणें डॉक्टरांस सांगावयास ज्या आईला आठ वर्षांच्या लेकरास दुभाषा करावें लागतें, तिच्यापाशीं राज्यानें निष्ठा कोणत्या तोंडानें मागावी? प्रजेनें राज्याची भाषा शिकावी. प्रजेचें दुखणें समजण्यापुरती तिची भाषा राज्यानेंहि शिकावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.