आधी वरचा बोल्ट

काशीमिऱ्याला आमच्या जुन्या फोर बाय फोर जीपच्या ट्रान्सफर केसचं तेल बदलायचं, तर मिस्त्रीचा एक नेम. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी ही पेटी. तिचा वरचा, तेल भरायचा बोल्ट आधी सैल करायचा; मगच खालचा काढायचा. "वरचा गंजून बसला अन् खालनं तेल गेलं, तर भरणार कुठनं?" तेल ९० नंबरचं, भोकाच्या काठावरून ओघळेपर्यंत.

भाईंदरची मिठागरं मोडायची भाषा ऐकतो तेव्हा हेच मनात येतं. मोडायला वेळ लागत नाही. पण आगरात राबलेल्या हातांना पुढं काय देणार? ज्याला एवढं सांगता येत नाही, त्यानं खालच्या बोल्टला पाना लावावा का? मी म्हणतो, लावू नये.