तोच हा

गेल्या वैशाखात वळिवाच्या पहिल्याच पावसात आमच्या साताऱ्याच्या घराशेजारच्या खांबावर वीज पडली, आणि अण्णांनी नऊ वर्षांपूर्वी बैठकीच्या खोलीतील फडताळात, पंचांग आणि चष्म्याचे घर यांच्या शेजारी, स्वहस्ते बसविलेला राउटर त्या एका क्षणात निकामी झाला. अण्णा महसूल खात्यात अव्वल कारकून होते. दफ्तरातील प्रत्येक रुमालावर चिठ्ठी असलीच पाहिजे, हा सेवेतील शिरस्ता त्यांनी निवृत्तीनंतर घरातील वस्तूंनाही लागू केला होता. मीटरच्या पेटीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत जिकडेतिकडे त्यांच्या वळणदार अक्षरातील कागदाचा एकेक तुकडा चिकटविलेला असे. राउटरवरही तो होता : ‘ओसरी. सुरू १४-१-२०१६.’ ओसरी हे त्यांनी घरच्या वाय-फायला दिलेले नाव. अण्णांना जाऊन दोन वर्षे झाली. त्यांनी सुरू करून दिलेले जे थोडे घरात अजून अहोरात्र चालू होते, त्यातले हे एक आता थांबले, असे आईच्या मनात आले असावे; ती बोलली मात्र काही नाही.

तिसऱ्या दिवशी नवा राउटर आला. कंपनीच्या माणसाने काचतंतूची तार त्यात जोडली, हिरवे दिवे लागले, पाव तासात तो सहीशिक्का घेऊन गेलाही. आणि मग असे दिसून आले की, घरात इंटरनेट पूर्ववत आले असूनही घरातील एकाही वस्तूला त्याचा पत्ता नाही. आई जिच्यावर कीर्तने ऐकते ती टॅब्लेट, दारावरचा कॅमेरा, टीव्ही, जिन्यातला आपोआप लागणारा दिवा, प्रिंटर, ही सारी मंडळी जणू सुतक पाळीत स्तब्ध बसली होती.

राउटर मुका नसतो. तो आपले नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा, दिवसरात्र, आसमंतात पुकारीत असतो. नव्या राउटरच्या बुडाशी कारखान्यात छापलेले अक्षरांचे आणि आकड्यांचे जे कडबोळे होते, तेच त्याचे नाव. ते तो पूर्ण शक्तीने पुकारीत होता आणि चार हातांवरचा जिन्यातला दिवा ते नाव कानांवर पडूनही अंधारात होता, कारण तो ओसरीची वाट पाहत होता. दहाव्या शतकात काश्मिरात होऊन गेलेल्या उत्पलदेवाने आपल्या ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिके’च्या अखेरीस एका तरुणीचा दृष्टान्त दिला आहे. ज्याचे गुण ऐकून ती मनोमन त्याची झाली तो पुरुष तिच्यासमोर येऊन उभा राहतो, परंतु हाच तो, हे तिला ठाऊक नसल्यामुळे तो तिच्या लेखी इतर कोणाही माणसासारखाच राहतो. समोर असणे पुरेसे होत नाही, ओळख पटावी लागते. ईश्वर आणि जीव यांच्यामध्ये अंतर असे काही नाहीच, उणीव आहे ती एका ओळखीची, असे उत्पलदेवाचे दर्शन सांगते. आणि ती ओळख म्हणजेच प्रत्यभिज्ञा. महाविद्यालयात असताना हा दृष्टान्त मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या संध्याकाळी अंधाऱ्या जिन्यात उभे असताना मला प्रथम जाणवला.

पहिले दोन दिवस मी एकेका उपकरणाला नवे नाव शिकवू पाहत होतो. जिन्यातल्या दिव्याला पाच वेळा विझवून पेटवायचे, तो लुकलुकू लागला की जुनी स्मृती पुसली गेली असे समजायचे, आणि मग नव्याची दीक्षा द्यायची, असा तो खटाटोप. पण दिवा काही केल्या लुकलुकेना, म्हणजे त्याची जुनी स्मृती शाबूतच होती. शेजारच्या घरातली अभियांत्रिकी शिकणारी मुलगी सहज आली होती. ती म्हणाली, “काका, सगळ्यांना नवं नाव शिकवण्यापेक्षा या एकट्यालाच जुनं नाव द्या ना. नाव आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर तेच ठेवा. ती आपोआप येतील. राउटर बदललाय, हे त्यांना कळणारसुद्धा नाही.”

तिचे शेवटचे वाक्य मनातून जाईना. कळणारसुद्धा नाही! मग ती जी ओळख पटणार, ती ओळख म्हणायची की फसगत?

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात या प्रश्नावर अनेक शतके वाद झाला आहे, आणि त्याचे उदाहरणही ठरून गेलेले आहे : सोऽयं देवदत्तः, तोच हा देवदत्त. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी भेटतो आणि आपण म्हणतो, तोच हा. ‘तो’ या पदात गेलेला काळ आहे, ‘हा’ या पदात चालू क्षण आहे. नैयायिक त्यांना तत्ता आणि इदंता अशी नावे देतात आणि म्हणतात की, प्रत्यभिज्ञेत ही दोन्ही एकाच ज्ञानात गुंफलेली असतात, आणि म्हणून देवदत्त खरोखरच एक आहे. बौद्ध आचार्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते तेथे दोन ज्ञाने आहेत, एक स्मरण आणि एक प्रत्यक्ष, आणि त्यांचे ऐक्य ही आपल्या कल्पनेची करामत आहे. कापलेली नखे आणि केस पुन्हा वाढले की आपण त्यांना तीच नखे, तेच केस म्हणतो, वास्तविक जुनी नखे तर केव्हाच मातीत गेलेली असतात. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात, ज्या ग्रीक राजाचे नाव बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयास दिले, त्या मिलिंदाला नागसेन भिक्षू विचारतो की, रात्रीच्या पहिल्या प्रहरी तेवणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी तेवणारी ज्योत एकच का? तीच नव्हे, आणि दुसरीही नव्हे, असा त्याचा निर्णय आहे. या निर्णयात जी करुणा आहे ती मला नेहमी मोठी वाटत आली आहे. जे गेले ते गेलेच, असेही तो म्हणत नाही, आणि काहीच गेले नाही, असे खोटे सांत्वनही करीत नाही.

शेजारच्या मुलीची युक्ती करायची तर पासवर्ड हवा होता, आणि तो लिहिलेला कोठेच सापडेना. अण्णांनी सर्व वस्तूंवर चिठ्ठ्या लावल्या, पण गुपित मात्र चिठ्ठीवर लिहिले नाही. उपकरणांना तो माहीत होता, पण ती तो उच्चारीत नाहीत. मोबाइलच्या पोटातून तो बाहेर काढता येतो हे मला पुढे कळले. त्या वेळी ठाऊक नव्हते, आणि नव्हते तेच बरे झाले.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते, कारण या गुपिताची रचना मोठी मननीय आहे. सर्वसाधारण समजूत अशी असते की, उपकरण राउटरला पासवर्ड सांगते आणि राउटर तो आपल्या दफ्तराशी ताडून पाहतो. तसे घडत नाही. गेली वीस वर्षे घरोघर रूढ असलेल्या पद्धतीत पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. आधी नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड ही दोन्ही एकत्र घेऊन त्यांची ४०९६ आवर्तने घोटली जातात आणि त्यातून २५६ बिटांची एक किल्ली निष्पन्न होते. ही क्रिया राउटर आणि उपकरण आपापल्या ठिकाणी करतात. मग राउटर एक यदृच्छ संख्या धाडतो, उपकरण दुसरी धाडते, आणि किल्लीचा त्या संख्यांवर संस्कार करून उठलेला ठसा तेवढा परस्परांना दाखविला जातो. असे चार निरोप होतात. उपकरणालाच नव्हे, राउटरलाही आपली सत्यता अशीच सिद्ध करावी लागते. म्हणजे गुपित उच्चारायचे नाही, आणि तरीही ते आपल्यापाशी आहे याची दुसऱ्याला खात्री पटवायची. शिवाय पासवर्ड तोच ठेवून नाव तेवढे बदलले तरी किल्ली निराळी होते, कारण नाव हे येथे नुसते हाक मारण्यापुरते नसून गुपिताच्या अंगात मुरलेले असते. मंत्र कानात दिला जातो, चव्हाट्यावर नाही, आणि इष्टदेवतेच्या नामावाचून मंत्राला देह नाही, ही आपल्याकडच्या साधकांची धारणा मी आजवर संप्रदायाची चाल म्हणून मान्य करीत आलो होतो. तिच्यामागे केवढा विचार असू शकतो, हे मला या चार निरोपांनी दाखविले. ज्या नेटवर्कला पासवर्डच नसतो, त्याचे नाव कोणीही धारण करून बसला तर आपला मोबाइल त्याच्या स्वाधीन होतो. नुसत्या नावाची नक्कल कोणालाही करता येते.

आई स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडीत होती. तिला विचारण्याचे मला सुचलेच नव्हते. ती या यंत्रांना हातही लावीत नाही. मी सहज विषय काढला, तर मान वर न करता ती म्हणाली, “मला ठाऊक आहे. त्यांनी पाठ करून घेतला होता माझ्याकडून. लिही.” आणि खडे वेचता वेचता ती एकेक अक्षर सांगू लागली. “पहिलं अक्षर मोठं. पुढची सगळी बारीक. मग एक मोकळी जागा सोडायची, ती विसरू नकोस, ते स्वतः विसरले होते एकदा.” तो शब्द मी येथे लिहिणार नाही. त्यात एका गावाचे नाव आहे आणि एक साल आहे. गाव माझ्या माहितीचे होते. त्या सालात काय घडले ते आईने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मोकळी जागा मी विसरलोच. दुसऱ्या खेपेस ती सोडली, आणि नव्या राउटरने आपले कारखान्यातले नाव टाकून ओसरी हे नाव धारण केले. मिनिटभरात जिन्यातला दिवा लागला. मग कॅमेरा जागा झाला, मग टीव्ही. आणि देवघराच्या कट्ट्यावर ठेवलेल्या टॅब्लेटमधून, चार दिवसांपूर्वी ज्या वाक्यावर खंडित झाले होते तेथून, कीर्तन पुढे सुरू झाले. प्रिंटर तेवढा आला नाही. इतर उपकरणांना राउटर ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने जागा नेमून देतो, प्रिंटरला मात्र अण्णांनी कायमचा क्रमांक वतनासारखा लावून दिला होता, आणि नव्या राउटरच्या हद्दीत तो क्रमांकच बसत नव्हता. हद्द जुनीच करून दिल्यावर तोही रुजू झाला.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे वळतो. दिव्याला जी ओळख पटली ती खोटी नव्हती; नाव खरे होते, गुपित खरे होते, ते देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता. परंतु ती प्रत्यभिज्ञा नव्हती, असे माझे मत झाले आहे. दिव्यापाशी ‘तो’ होता, ‘हा’ नव्हता. देह पालटला आहे, याची ज्याला वार्ताच नाही, त्याने ‘तोच’ म्हणण्यात विशेष ते काय? तत्ता आणि इदंता यांच्यामधली फट ज्याला दिसते, आणि ती दिसत असूनही जो ‘तोच हा’ म्हणू शकतो, त्याचेच म्हणणे ओळख या नावाला पात्र आहे.

भाद्रपदात आपण नेमके हेच करीत असतो. गणपती दरवर्षी नव्या मातीचा येतो. ती माती गेल्या वर्षीची नव्हे, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असते, कारण गेल्या वर्षीची त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात विरघळलेली असते. तरी प्राणप्रतिष्ठा होताच तोच आला असे आपण म्हणतो आणि अंतःकरणापासून म्हणतो. पुरीला जगन्नाथाचे नवकलेवर होते, अलीकडचे २०१५ साली झाले. कडुनिंबाच्या नव्या काष्ठाच्या मूर्ती घडवितात आणि जुन्या मूर्तीच्या अंतरातला ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात नव्या मूर्तीत ठेवतात. तो ठेवणाऱ्या दैतापतीच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि हातांना वस्त्र गुंडाळलेले असते, म्हणजे गुपित एका देहातून दुसऱ्या देहात जाते, पण नेणाऱ्यालाही दिसत नाही. आणि यानंतर जे होते ते मला सर्वांत मोलाचे वाटते : जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात मातीआड केल्या जातात आणि दैतापती त्यांचे सुतक पाळतात. देव तोच आहे, अशी ज्यांची सर्वांत दृढ श्रद्धा, तेच गेलेल्या देहासाठी शोक करतात. या दोहोंत त्यांना विसंगती वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्धांच्या क्षणिकवादाचे खंडन करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. बाहेरच्या वस्तूविषयी, ही तीच की तिच्यासारखी दुसरी, असा संशय कधी येऊ शकेल; परंतु ओळखणाऱ्याला स्वतःविषयी, काल पाहणारा मीच की माझ्यासारखा दुसरा कोणी, असा संशय कधीच येत नाही. वादाच्या दृष्टीने हे उत्तर कितपत पुरे पडते, हे पंडितांनी ठरवावे. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की, ओसरी ‘तीच’ आहे की नाही याचा निवाडा राउटरमध्येही नव्हता आणि दिव्यामध्येही नव्हता. तो सुपातले खडे वेचीत बसलेल्या बाईपाशी होता, जिला काय गेले आहे हे पुरते ठाऊक होते आणि जिने मोकळ्या जागेसकट ते सारे गुपित नऊ वर्षे जिवापाड सांभाळले होते.

संध्याकाळी मी जुन्या राउटरवरची अण्णांची चिठ्ठी नखाने हलकेच सोडवू लागलो. नव्यावर ती चिकटवावी, म्हणजे सर्व यथास्थित होईल, असा माझा हेतू. आई देवापुढे दिवा लावून नुकतीच बाहेर आली होती.

“ती काढू नकोस,” ती म्हणाली. “ती त्याची आहे, त्याच्यावरच असू दे. याची तू लिही.”

मी कागदाचा एक तुकडा कापला, अण्णांच्याच लेखणीने त्यावर ओसरी असे लिहिले, आणि तारीख कोणती घालायची ते आईला विचारले.

“आजची,” ती म्हणाली.