लोकापवाद आणि न्याय
४ जुलै १९५४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरानजीक डॉ. सॅम शेपर्ड यांच्या गर्भवती पत्नीचा राहत्या घरी खून झाला. पतीस अटक करा, असा वृत्तपत्रांनी घोष आरंभिला. लोकांनी तर खटल्यापूर्वीच निकाल दिला. त्याच वर्षी डॉक्टरांस जन्मठेप झाली. त्या गदारोळात न्याय्य सुनावणी झालीच नाही, असे १९६६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. फेरखटल्यात ते निर्दोष सुटले. लोकांचा संशय मात्र सुटला नाही.

संशय येणे हा मनाचा स्वभाव आहे; त्यास न्यायासनावर बसविणे हा अधर्म होय, असे आम्हांस वाटते. मृत स्त्रीविषयीच्या कळवळ्यानेच लोक घाई करतात. परंतु निरपराध्यास दंड झाला, तर खरा घातकी मोकळा राहतो आणि त्या अभागिनीवर दुसऱ्यांदा अन्याय होतो. म्हणून पुरावा सिद्ध होईतो जिभेस आवर घालणे, हेच तिच्याविषयीचेही आपले कर्तव्य होय.